घारे, हिरवे, निळे: रंग एकच, तोही तपकिरी

माझी थोरली मावशी घारी. घरात तिची ओळखच तशी: एक 'घारी मावशी' आणि एक 'नाशिकची मावशी'. गेल्या भाऊबीजेचा फोटो मोबाइलवर मोठा करून बघताना तिच्या नातीने विचारलं, "आजी, तुझा एक डोळा चॉकलेटी आहे का गं?" मग सगळेच वाकून बघायला लागले. उजवा डोळा नेहमीचा, हिरवट-राखाडी, बाहुलीभोवती गंजासारखं कडं. डावा मात्र चहाच्या रंगाकडे झुकलेला. वर डाव्या पापणीचे केस उजवीपेक्षा लांब आणि दाट. मावशीला यातलं काही माहीतच नव्हतं, कारण चष्मा काढला की तिला आरसाच धड दिसत नाही.

सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या एकाच डोळ्याचा रंग कसा बदलतो? त्याचं उत्तर शोधताना आधी हे पाहावं लागतं, की डोळ्याला मुळात रंग येतो कुठून.

डोळ्याचा रंग म्हणजे बुबुळाचा रंग. पाठ्यपुस्तकात त्यालाच परितारिका म्हणतात. मधलं काळं टिंब, म्हणजे बाहुली, हे नुसतं भोक. त्याचा रंग सगळ्यांचा सारखाच. बुबुळाचे ढोबळमानाने दोन थर धरू. मागचा थर गडद, अगदी काळपट, आणि तो निळ्या डोळ्याच्या माणसातही तितकाच गडद असतो. पुढचा थर म्हणजे कोलॅजेनच्या बारीक तंतूंची सैल जाळी. तिच्यात मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. या पेशींची संख्या निळ्या डोळ्यात कमी असेल असं आपल्याला वाटतं, पण ती तपकिरी डोळ्याइतकीच असते. फरक पडतो तो एकेक पेशी किती मेलॅनिन बनवून साठवते याने.

आणि मेलॅनिन तपकिरी असतं. फार तर त्याची एक तांबूस-पिवळी जात आहे. निळं किंवा हिरवं रंगद्रव्य कुठल्याही माणसाच्या डोळ्यात नसतं.

मग निळा रंग येतो कसा, ते स्वयंपाकघरात बघता येतं. काचेच्या ग्लासात पाणी भरा आणि त्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका, जास्त नको. खोलीत अंधार करा, ग्लासामागे काळी वही उभी करा आणि बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा. पाण्याला फिकट निळसर झाक दिसेल. आता टॉर्च ग्लासाच्या मागे धरून ग्लासातून थेट दिव्याकडे बघा. तोच दिवा पिवळट, तांबूस दिसेल. दूध निळं नाही, पाणीही नाही. दुधातले बारीक कण प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात आणि लाल भाग बराचसा सरळ जाऊ देतात. निळ्या डोळ्यात तंतूंची जाळी हे दुधाचं पाणी आणि मागचा गडद थर ही काळी वही. जाळीत मेलॅनिन जवळजवळ नसल्यामुळे विखुरलेला निळा प्रकाश परत बाहेर येतो. तपकिरी डोळ्यात तो मेलॅनिन गिळून टाकतं.

या निळाईवर थोडं पिवळट मेलॅनिन चढलं की डोळा हिरवा दिसतो. म्हणजे शाळेतल्या रंगपेटीत पिवळ्यात निळा मिसळून हिरवा करायचो तसंच, फक्त यातला निळा रंग नसून प्रकाश आहे. जगात हिरवे डोळे साधारण दोन टक्के लोकांचे, असा आकडा नेहमी दिला जातो. ते इतके विरळ का, हेही यातून कळतं: मेलॅनिन थोडं हवं, पण थोडंच. जरा वाढलं की डोळा तपकिरी, जरा घटलं की निळा. हेझल म्हणतात त्या डोळ्यात मेलॅनिन सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. बाहुलीजवळ दाट आणि कडेला विरळ, म्हणून असे डोळे खिडकीत एक दिसतात आणि ट्यूबलाइटखाली दुसरेच. मावशीचा उजवा डोळा याच जातीचा.

जाता जाता: 'काळेभोर डोळे' कवितेत ठीक, पण काळं बुबुळ कुणाचंच नसतं. ज्याचे डोळे काळे वाटतात त्याला उन्हात उभं करून बाजूने बघा, गडद कॉफीचा रंग दिसेल.

इंग्रजीत ब्लू, ग्रे, ग्रीन, हेझल, अंबर असे वेगवेगळे कप्पे आहेत. मराठीत रोजच्या बोलण्यात 'घारा' हा एकच शब्द सगळ्यांना पुरतो. राखाडी असो, हिरवट असो, मधासारखा असो, घाराच. लहानपणी मला हा भाषेचा आळस वाटायचा. आता वाटतं, शब्द अगदी नेमका आहे. निसर्गात हे कप्पे नाहीतच. मेलॅनिन कमी-जास्त होण्याची एक सलग पट्टी आहे, आणि त्या पट्टीच्या 'कमी' बाजूला असलेल्या सगळ्यांना आपण घारे म्हणतो.

घारे डोळे म्हटलं की आपल्याकडे लगेच 'कोकणस्थ का?' असं विचारतात. गोरा, घारा, धारदार नाकाचा हा साचा इतका पक्का आहे की त्यावरून थेट इतिहास लिहिला गेला. चित्पावन समुद्रातून आले, इराणातून आले, युरोपातून आले असे तर्क शंभरेक वर्षं तरी चालत आलेत. परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं जिवंत केली ही दंतकथा त्यांच्या जोडीला असतेच. कोण कुठून आलं हा विषय मोठा आहे, पण त्यात डोळ्याच्या रंगाची साक्ष किती धरायची, याला जनुकशास्त्राकडे बऱ्यापैकी उत्तर आहे.

१९०७ च्या सुमारास अमेरिकेत डेव्हनपोर्ट दांपत्याने सोपा नियम मांडला होता: तपकिरी प्रभावी, निळा अप्रभावी, म्हणून दोन निळ्या डोळ्यांच्या आईबापांना तपकिरी डोळ्यांचं मूल होणार नाही. कितीतरी वर्षं हे शाळेत शिकवलं गेलं. ते चूक आहे. असं मूल क्वचित का होईना, होतं, आणि त्यावरून कुणी आईवर संशय घेतला असेल तर तो निव्वळ अडाणीपणा होता.

खरी गोष्ट १५ व्या गुणसूत्रावर घडते. तिथे ओसीए२ नावाचं जनुक आहे. पेशीत मेलॅनिन तयार व्हायला त्याचं प्रथिन लागतं. पण ते जनुक किती जोरात चालावं हे ठरवणारं बटण त्याच्यात नाही, शेजारच्या हर्क२ या जनुकाच्या आत आहे. जुन्या वाड्यात माजघरातल्या दिव्याचं बटण कधीकधी ओसरीवर असायचं, तसं. २००८ साली कोपनहेगन विद्यापीठातल्या हान्स आयबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की डेन्मार्कमधल्या निळ्या डोळ्यांच्या लोकांत या बटणापाशी एकच बदल आहे, आणि तुर्कस्तान व जॉर्डनमधल्या निळ्या डोळ्यांच्या माणसांतही अगदी तोच. म्हणजे हा बदल बहुधा एकदाच घडला आणि पुढे पसरला. दिवा फुटला नाही, फक्त मंद झाला. तोही मुख्यतः बुबुळापुरता, म्हणून बाकी शरीराला काही होत नाही. त्यांनी या बदलाचं वय सहा ते दहा हजार वर्षं सांगितलं होतं, पण नंतर इटलीत विलाब्रुना इथल्या सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातही तोच बदल सापडला. स्पेनमधल्या ला ब्रान्या गुहेतल्या सात हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या डीएनएने तर सगळ्यांनाच चकवलं: डोळे निळे, कातडी सावळी. निळे डोळे म्हणजे गोरी कातडी हे समीकरण तिथेच मोडलं.

या मंद बटणाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आली, तरच डोळा बहुतेक निळा किंवा फिकट होतो. एकच प्रत असेल तर डोळा सहसा तपकिरीच राहतो आणि प्रत गुपचूप पुढच्या पिढीत जाते. म्हणून काळ्या डोळ्यांच्या आईबापांच्या पोटी अचानक घारं बाळ येतं आणि बारशाला 'हा कुणावर गेलाय?' याची चर्चा रंगते. एकमेकांत लग्न करणाऱ्या लहान समाजात अशा दोन प्रती भेटण्याची शक्यता वाढते. कोकणस्थांतल्या घाऱ्या डोळ्यांना एवढं स्पष्टीकरण पुरतं. त्यासाठी गलबतं बुडवायची गरज नाही. शिवाय घारे डोळे महाराष्ट्रात इतर जातीधर्मांतही सापडतात, काश्मीर-हिमाचलात तर भरपूर.

एका बटणावरच सगळं भागत नाही म्हणा. २०२१ मध्ये जवळजवळ १ लाख ९५ हजार लोकांची जनुकीय माहिती तपासली, तेव्हा डोळ्याच्या रंगाशी संबंध असलेल्या ५० नव्या जागा सापडल्या. हिरवट, राखाडी, मधाळ या छटा त्या सगळ्यांच्या ओढाताणीतून येतात.

आता खऱ्या अर्थाने दुर्मीळ डोळ्यांकडे येऊ. इंडोनेशियात सुलावेसीजवळ बुटोन नावाचं बेट आहे. तिथल्या काही कुटुंबांत माणसं सावळी, केस काळे, आणि डोळे मात्र विजेरीसारखे लख्ख निळे. काहींचा एकच डोळा निळा. हा निळा युरोपातला नाही. याचं नाव वार्डेनबर्ग सिंड्रोम. याच नावाच्या डच नेत्रतज्ज्ञाने १९५१ साली त्याचं वर्णन केलं. इथे बटण मंद झालेलं नसतं, मेलॅनिन बनवणाऱ्या पेशीच बुबुळापर्यंत पोचलेल्या नसतात. या पेशी गर्भाच्या पाठीकडच्या बाजूला, जिथे पुढे मज्जारज्जू होतो त्याच्या लगत जन्मतात आणि तिथून प्रवास करत कातडी, केस, डोळे गाठतात. त्यांचा एक मुक्काम आतल्या कानातही असतो. तिथे त्यांचं काम रंग देण्याचं नाही, तर कानातल्या द्रवातले क्षार राखण्याचं. ते नसेल तर आवाजाचा संदेशच तयार होत नाही. म्हणून या सिंड्रोममध्ये निळे डोळे, कपाळावर पांढऱ्या केसांची बट आणि जन्मजात बहिरेपण एकत्र दिसू शकतात. सगळ्यांत सगळं नसतं. डार्विनने १८५९ मध्येच नोंदवलं होतं की निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरी असतात. 'असतातच' हे त्याचं म्हणणं जरा ताणलेलं होतं, पण पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपण खरंच जास्त आढळतं, आणि कारणही हेच, पेशी कानापर्यंत न पोचण्याचं. तेव्हा घरात असं लख्ख निळ्या डोळ्याचं बाळ जन्मलं तर कौतुकाच्या आधी त्याची ऐकण्याची तपासणी करून घ्यावी.

जांभळे डोळे म्हटलं की एलिझाबेथ टेलरचं नाव निघतं. तिचे डोळे गडद निळे होते. जांभळी झाक प्रकाशाची, कपड्यांची आणि मेकअपची करामत. खरी जांभळट किंवा तांबूस छटा आल्बिनिझममध्ये, म्हणजे जन्मजात रंगहीनतेत, कधीकधी दिसते. मागचा गडद थर ही आपली काळी वही होती. या लोकांत तीच फिकी असते, त्यामुळे डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग बुबुळातून झिरपतो आणि निळ्यात मिसळतो. तरी बहुतेकांचे डोळे फिकट निळे किंवा तपकिरीच असतात. त्यांना रंगापेक्षा उन्हाचा त्रास मोठा: बुबुळ हा डोळ्याचा पडदा, आणि यांचा पडदाच झिरझिरीत.

दोन डोळ्यांचे दोन रंग जन्मापासून असतील तर बहुधा काळजीचं कारण नसतं. मोठेपणी रंग बदलला तर मात्र डॉक्टरकडे जावं. ग्राइंडरवर काम करणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण घुसून आतच राहिला, तर काही महिन्यांनी ते बुबुळ अक्षरशः गंजाच्या रंगाचं होतं आणि नजरही जाऊ शकते.

रंगाला अजिबात भाव न देणारं एक यंत्र आपण सगळ्यांनी पाहिलंय, ते आधार केंद्रातलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २०१० साली पहिलं आधार दिलं गेलं, आणि या नोंदणीत बोटांच्या ठशांबरोबर बुबुळंही टिपली जातात. हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतो. त्या प्रकाशाला मेलॅनिन जवळजवळ अडवत नाही. त्यामुळे अगदी गडद डोळ्यातलीही तंतूंची जाळी, खळगे, रेषा स्वच्छ उमटतात. ही नक्षी प्रत्येकाची वेगळी, जुळ्यांचीही, इतकंच काय, एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या डोळ्याचीही. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत फोटो काढलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, शरबत गुला, २००२ मध्ये पुन्हा सापडली, तेव्हा तिची ओळखही केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी बुबुळाच्या नक्षीवरूनच पक्की केली. जगाने तिचा हिरवा रंग लक्षात ठेवला होता, पण पुरावा ठरली ती नक्षी.

आता मावशी. डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाल्यापासून ती दोन वर्षं रोज रात्री झोपताना त्या डोळ्यात एक थेंब टाकते आहे. हे थेंब डोळ्याच्या आतला दाब कमी करतात, आणि जाता जाता बुबुळातल्या पेशींना मेलॅनिन बनवायची चालना देतात. पेशी वाढत नाहीत, त्या अधिक भरतात. अगदी निळ्या डोळ्यावर हा परिणाम कमी दिसतो, सगळ्यात जास्त दिसतो तो मावशीसारख्या मिश्र रंगाच्या डोळ्यावर. पापण्यांचे केसही यानेच वाढतात. याच कुळातलं एक औषध पापण्या दाट करण्यासाठीही विकलं जातं. रंग बदलल्याने नजरेला धोका नाही, पण थेंब थांबवले तरी तो पूर्वीसारखा होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही विचारलं, मग औषध बदलायचं का? डॉक्टर म्हणाले, दाब छान उतरलाय, कशाला बदलायचं. उलट आता उजव्या डोळ्याचाही दाब वाढतोय, पुढच्या महिन्यापासून थेंब दोन्हीकडे.

नातीने लगेच विचारलं, मग 'घारी आजी' म्हणायचं की नाही?