धाप शेती
धाप शेती : बांगलादेशाच्या दक्षिण भागातील बिलांमध्ये (बशीसारख्या सखल, वर्षातील अनेक महिने पाण्याखाली राहणाऱ्या जमिनींत) कुजवलेल्या जलपर्णीचे तरंगते गादीवाफे बांधून त्यांवर भाजीपाला व रोपे वाढविण्याची पद्धत. बंगालीत ‘धाप’ म्हणजे पायरी किंवा थर. दम लागल्यावर मराठी माणसाला लागते त्या धापेशी या शब्दाचा संबंध नाही. काही भागांत ‘बाइरा’ हा शब्द रूढ आहे. पिरोजपूर जिल्ह्यातील नाजिरपूर, बरिशालमधील बानारिपाडा आणि गोपालगंजमधील टुंगीपाडा व कोटालीपाडा हे तिचे मुख्य टापू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशांत तिचा समावेश केला.

पद्धतीच्या प्राचीनतेविषयी एकमत नाही. ती दोन-तीन शतके किंवा त्याहूनही जुनी असल्याचे स्थानिक लोक सांगतात आणि विकाससंस्थांच्या अहवालांत हेच विधान बहुधा जसेच्या तसे येते. अडचण कच्च्या मालाची आहे. जलपर्णी (पॉन्टेडेरिया क्रॅसिपेस, जुने नाव आयकॉर्निया क्रॅसिपेस) मूळची दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली. तिचा बंगालमधील प्रवेश सामान्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा मानतात. जांभळ्या फुलांना भुलून ती कोणी आणली, याच्याही निरनिराळ्या कथा आहेत. एका कथेत नारायणगंजचा ताग-व्यापारी जॉर्ज मॉर्गन ती ऑस्ट्रेलियातून आणतो; दुसऱ्या कथेत ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून बाहेर पडते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिला ‘जर्मन पाना’ (बंगालीत पाना म्हणजे पाण्यावर तरंगणारे तण) म्हणत. त्यामागील शत्रूच्या कारस्थानाची वदंता विश्वासार्ह नाही. पुढचा इतिहास मात्र कागदोपत्री पक्का आहे. १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, १९३६ मध्ये बंगालचा जलपर्णी कायदा झाला आणि १९३७ च्या निवडणुकीत प्रमुख पक्षांनी या तणाच्या उच्चाटनाची आश्वासने दिली.

त्यामुळे शतकांची परंपरा मान्य करायची, तर जलपर्णीपूर्व वाफे कशाचे होते ते सांगावे लागते. भाताचा पेंढा, टोपापाना (मराठीत गोंडाळ) आणि दुलालीलता हे पाणगवत यांचे थर पूर्वी वापरत असावेत, असा एक पक्ष आहे. तो असंभाव्य नाही, कारण ही द्रव्ये आजही वाफ्यात दुय्यम म्हणून वापरली जातात. तथापि आजच्या स्वरूपातील, एवढ्या जाडीची व विस्ताराची धाप विसाव्या शतकाच्या मागे नेणे कठीण दिसते. काश्मीरच्या दल सरोवरातील ‘राद’ व म्यानमारच्या इन्ले सरोवरातील तरंगत्या बागांशी तिचे साम्य आहे, पण परस्परसंबंधाचा पुरावा नाही. मेक्सिकोच्या चिनांपांशी केली जाणारी तुलना तर चुकीचीच होय. ते तळाशी टेकलेले भरावाचे वाफे असतात, तरंगते नव्हेत.

बांधणी पावसाळ्याच्या सुरुवातीस होते. जलपर्णीच्या दाट थरावर बांबू आडवे टाकून शेतकरी त्यावर उभा राहतो, दोन्ही बाजूंची जलपर्णी ओढून पायाखाली दाबतो आणि थर चढवत पुढे सरकतो. शेवटी बांबू काढून घेतात. वाफा साधारण दीड ते दोन मी. रुंद असतो, लांबी पंधरा मी.पासून पन्नास मी.पर्यंत आढळते. ताजा थर मीटरभर उंच रचला तरी कुजताना बराच दबतो, म्हणून काही दिवसांनी वर दुसरा थर देतात. कुजलेल्या वरच्या थरातच लाल माठ, भेंडी, हळद वाढते. माती लागत नाही. वेलभाज्यांचे बी थेट न टोकता ‘टेमा’त रुजवतात. टेमा म्हणजे कुजलेल्या पाणवनस्पतींचा मुठीत मावणारा गोळा, दुलालीलतेने व नारळाच्या काथ्याने गुंडाळलेला. हे काम बहुतेक ठिकाणी बायका घरी बसून करतात. दुधी, भोपळा, वांगी, मिरची, पपई यांची रोपे काही आठवड्यांत होडीत भरून बाजाराला जातात. नाजिरपूर भागात भाजीपेक्षा या रोपांवरच धंदा अधिक चालतो. पाणी ओसरले की वाफा जमिनीवर टेकतो. तो फोडून हिवाळी पिकांना खत म्हणून पसरतात.

हवामान-अनुकूलनाचे उदाहरण म्हणून धाप शेतीची ख्याती साधारण २००० नंतरची. पूर आला की वाफाही पाण्याबरोबर वर चढतो, हा तिचा मोठा गुण. जमीन बुडालेल्या महिन्यांत भूमिहीनांना काम व ताजी भाजी मिळते. पुरात आमन (पावसाळी) भाताची रोपे वाचवण्यासाठीही तरंगत्या वाफ्यांचा उपयोग करतात. अन्नसुरक्षेतील तिचा वाटा मात्र बेताने मांडावा लागतो. बिलांमधील कुटुंबाचे पोट मुख्यतः हिवाळ्यातील बोरो भातावर चालते. धापेमुळे ताटात भाजी व हातात रोख पैसा येतो, धान्य नव्हे. जोराच्या प्रवाहात किंवा मोठ्या लाटांत वाफे मोडतात, त्यामुळे ईशान्येकडील विस्तीर्ण हाओरांत (पावसाळ्यात सरोवरासारख्या भरणाऱ्या सखल खोलगट प्रदेशांत) ते टिकवणे अवघड जाते. त्याहून गंभीर मर्यादा क्षारतेची : जलपर्णी गोड्या पाण्याची वनस्पती आहे, खारे पाणी आत शिरले की ती मरते. समुद्र चढत असलेल्या किनारपट्टीवर हा उपाय नेमका तिथेच थांबतो. शिवाय कायद्याने उपटायला लावलेले हे तण आता काही ठिकाणी विकत घ्यावे लागते.

महाराष्ट्रात पंचगंगा, पवना या नद्यांत व उजनी जलाशयात जलपर्णी माजते. ती मुख्यतः सांडपाण्यावर पोसलेली असते आणि ही वनस्पती जड धातू शोषून घेते, म्हणून तिच्यावर भाजी पिकवण्यापूर्वी पाण्याची तपासणी आवश्यक ठरते.