तारण, स्तुती व साक्ष

ख्रिस्ती धर्मविचारातील एकमेकींत गुंतलेल्या तीन कल्पना. देव प्रेमापोटी माणसाला पापातून सोडवतो, सुटलेला माणूस त्याचे गुणगान करतो आणि ते चारचौघांत सांगतो, असा हा क्रम. तो उलटा लावला, तर स्तुती म्हणजे तारणासाठी फेडलेला नवस ठरेल.

तिन्हींचा मेळ बायबलच्या जुन्या करारात, यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ४३ व्या अध्यायातच दिसतो. हा भाग सामान्यतः यहुद्यांच्या बाबेलमधील (बॅबिलनमधील) बंदिवासाच्या अखेरचा, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या मध्याचा मानतात. तेथील ‘सोडवणे’ या अर्थाचे हिब्रू क्रियापद ‘गाअल’ कुळाच्या रीतिरिवाजाशीही निगडित आहे : विपन्नावस्थेत विकला गेलेला भाऊबंद किंवा त्याची जमीन जवळच्या नातलगाने मोल भरून सोडवायची (जुन्या करारातील लेवीय, अध्याय २५). म्हणजे या शब्दात व्यवहाराइतकेच नातेही आहे.

येशूने आपला प्राण खंडणी म्हणून दिला, असे मार्कच्या शुभवर्तमानात (१०:४५) येते. खंडणी कोणाला, हा वाद मात्र फार लांबला. प्रारंभीच्या धर्मपंडितांपैकी ऑरिजेन व न्यिसाचा ग्रेगरी यांच्या मते सैतानाला. नाझियान्झसच्या ग्रेगरीने हे साफ नाकारले. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ च्या सुमारास निराळी मांडणी केली : माणसाच्या पापाने दुखावलेल्या देवाच्या मानाची भरपाई ख्रिस्ताने केली. फ्रेंच धर्मपंडित आबेलार याने पौलाच्या रोमकरांस पत्रावरील भाष्यात वेगळाच सूर लावला : ख्रिस्ताच्या दुःखसहनात प्रकटलेले प्रेमच माणसाच्या अंतरी प्रेम चेतवते. क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड याने त्याच्यावर कडाडून टीका केली आणि फ्रान्समधील सांस येथील धर्मसभेत (११४० किंवा ११४१) त्याची काही मते दोषी ठरली. संपूर्ण तारणविचार म्हणून आबेलारचे मत अपुरे वाटते. स्तुती कोठून उगम पावते हे मात्र त्यातूनच अधिक उलगडते.

प्रारंभीच्या सामुदायिक स्तुतीविषयी बाहेरची साक्ष रोमन प्रांताधिपती धाकट्या प्लिनीची : ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ती लोक ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, असे त्याने सम्राट ट्रेजनला (सु. ११२) कळवले.

‘साक्षी’साठीचा ग्रीक शब्द ‘मार्टुस’ हा न्यायालयीन. दुसऱ्या शतकात त्याला ‘रक्तसाक्षी’ (श्रद्धेसाठी प्राण देणारा) हा अर्थ जडला. स्मर्नाचा (आजच्या तुर्कस्तानातील इझमीरचा) धर्माध्यक्ष पॉलिकार्प याच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात तो स्पष्ट दिसतो. ही घटना बहुधा १५५–५६ मधील. चर्चचा प्राचीन इतिहासकार युसीबियस याच्या आधारे काहीजण ती दशकभर पुढे नेतात. जाळण्यासाठी खांबाला खिळे ठोकून जखडू नका, असे पॉलिकार्पने सांगितल्यावर त्याला नुसते बांधले. त्याने मोठ्याने देवाची स्तुती केली आणि तो ‘आमेन’ म्हणाला, तेव्हा चिता पेटवली गेली.