बांगड्याच्या तिखल्याशी रेड वाईन का भांडते?

माशासोबत व्हाईट वाईन आणि मटणासोबत रेड, हा नियम आता अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांना पाठ झालाय, बीचवरच्या हॉटेलातला वेटर पण न विचारता सांगतो. नियम तसा खोटा नाही, पण तो जिथे तयार झाला तिथे मासा म्हणजे लोणी, लिंबू, मीठ, झालं. आपल्याकडे मासा ताटात एकटा येतच नाही, त्याच्यासोबत ओल्या खोबऱ्याचं वाटप, बेडगी मिरची, आमसूल, आणि बांगडा असेल तर तिरफळं, एवढी मंडळी येतात, आणि वाईनचं खरं भांडण माशापेक्षा यांच्याशीच जास्त होतं. म्हणून माझं मत असं की कोकणात बाटली निवडताना मासा कुठला हे नंतर बघा, आधी तो कसा केलाय ते बघा.

सुरुवात वासापासून करू. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, माशाच्या अंगातल्या पाण्यात त्यापेक्षा बरंच कमी. हा तोल सांभाळायला आणि आतली प्रोटीनं धड ठेवायला समुद्री माशांच्या पेशींमध्ये काही छोटे रेणू असतात, त्यातला एक म्हणजे ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड. नाव भयंकर, पण याला स्वतःचा वास अजिबात नाही. मासा मेला की बॅक्टेरिया याच्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ट्रायमिथाइलअमाइन, आणि हाच तो वास जो दुपारी मच्छी मार्केटच्या बाहेरून जाताना पण नाकात शिरतो. म्हणून होडीवरून उतरलेल्या ताज्या बांगड्याला फक्त समुद्राचा वास असतो, माशाचा वास म्हणतो तो नंतर येतो. नदीतल्या माशांत हा ऑक्साइडवाला रेणू फारच कमी, त्यामुळे त्यांचा वासही वेगळा, चिखलासारखा वगैरे.

आता ट्रायमिथाइलअमाइन हा अल्कली स्वभावाचा पदार्थ, आंबट काही भेटलं की त्याचं क्षार होतं आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणजे नाकापर्यंत पोचतच नाही. आपण मासे धुऊन त्याला मीठ आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) चोळून ठेवतो ते यासाठी. रायगडकडे चिंच, मालवणकडे आमसूल, गोव्यात व्हिनेगर, साहित्य बदलतं पण काम एकच. आज्या-पणज्यांना केमिस्ट्री माहीत नव्हती पण रिझल्ट माहीत होता, आणि स्वयंपाकघरात शेवटी तेवढंच लागतं.

पण इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगायची आहे. आंबटाने वास जातो, शिळेपणा जात नाही. बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, मासा उन्हात बर्फाशिवाय पडून राहिला की काही बॅक्टेरिया त्याचं हिस्टामीन बनवतात, आणि हिस्टामीन हे फार चिवट प्रकरण आहे, शिजवून जात नाही, तळून जात नाही, फ्रीझरमध्ये टाकून तर नाहीच नाही. असा मासा खाल्ला की थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठतं, आणि लोक म्हणतात मला बांगड्याची अॅलर्जी आहे. बऱ्याचदा अॅलर्जी नसते, त्या दिवशीचा बांगडा उन्हात राहिलेला असतो. त्यामुळे कोळणीकडे घेताना डोळे आणि कल्ले बघायचेच, पण टोपलीत बर्फ आहे का तेही बघायचं, आणि घरी येताना वाटेत गप्पा मारत उभं राहायचं नाही.

मोरीचं अजून वेगळंच. मोरी म्हणजे छोटा शार्क, काही ठिकाणी मुशी म्हणतात. शार्क लोक समुद्राच्या खारटपणाशी जुळवून घ्यायला अंगात चक्क युरिया साठवून ठेवतात, आणि युरियाने प्रोटीनं बिघडू नयेत म्हणून सोबत आपलं ते ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइडही भरपूर. मेल्यावर युरियाचा अमोनिया होतो, म्हणून मोरी नीट साफ केली नाही तर वास मारते, आणि म्हणूनच मालवणात तिला मटणासारखा गरम मसाला, भाजलेलं कांदा-खोबरं असा दणकट मसाला लावतात. हे लक्षात ठेवा, शेवटी वाईनच्या वेळी मोरी परत येणारे.

तर रेड वाईन. माशासोबत रेड प्यायल्यावर तोंडात मागाहून जो एक कुबट, गंजल्यासारखा वास येतो त्याला बरीच वर्षं टॅनिनवर, म्हणजे वाईनमधल्या तुरट पदार्थावर, ढकललं जायचं. २००९ मध्ये जपानच्या मर्शियन या वाईन कंपनीतल्या ताकायुकी तामुरा आणि सहकाऱ्यांनी हे नीट तपासलं. ३८ रेड आणि २६ व्हाईट वाईन घेतल्या, प्रत्येकीसोबत स्कॅलप म्हणजे शिंपल्याच्या जातीतला एक प्राणी खाल्ला आणि मागाहून येणाऱ्या वासाला मार्क दिले. ज्या वाईनमध्ये लोह जास्त तिथे वास जास्त, मग ती लाल असो की पांढरी. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की लोकांना तो वास चांगलाच जाणवायचा. आणि लोहाला धरून ठेवणारा पदार्थ वाईनमध्ये घातला की वास गायब. म्हणजे गुन्हेगार रंग नव्हता, लोह होतं. माशाच्या चरबीत जी असंतृप्त फॅट असते, ज्याला आपण ओमेगा-३ म्हणून डोक्यावर घेतो, तीच लोहाच्या संगतीत झटक्यात मोडते आणि त्यातून उग्र वासाचे तुकडे तयार होतात. आता बांगडा आणि तारली हे तेलकट मासे, म्हणजे मोडायला माल भरपूर. पापलेट किंवा बोंबील त्यामानाने कमी तेलाचे, तिथे रेड इतकी बिघडत नाही.

वाईनमध्ये लोह येतं कुठून, तर द्राक्षाला लागलेली माती-धूळ, जमीन, आणि पूर्वी लोखंडी भांड्यांतूनही. दुकानात बाटलीवर हे छापलेलं नसतं, त्यामुळे रेड वाईन माशाबरोबर कधी छान लागते कधी घाण, त्याचं कारण ग्राहकाला कळायला मार्गच नाही. एक बारीक उपाय आहे, लिंबू. लिंबातलं सायट्रिक आम्ल लोहाला धरून ठेवतं, वाईन बनवणारे लोकही लोहामुळे वाईन गढूळ होऊ नये म्हणून ते वापरतात. तळलेल्या बांगड्यावर लिंबू पिळताना आपण वासाचं एक कारण आंबटाने मारतो आणि दुसऱ्याला थोडा लगाम घालतो.

टॅनिन मात्र पूर्ण निर्दोष नाही. टॅनिन काय करतं हे कोकणातल्या माणसाला समजवायची गरजच नाही, काजूचा बोंडू मीठ न लावता चावला की जीभ कशी खरखरीत होते आणि घसा धरतो, तेच टॅनिन. लाळेत वंगणाचं काम करणारी प्रोटीनं असतात, टॅनिन त्यांना पकडून गोळा करतं आणि तोंड कोरडं पडतं. त्यात मिरचीने आधीच होरपळलेली जीभ असेल तर कोरडेपणा आणि जळजळ दोन्ही मिळून हैराण करतात.

मिरचीचं म्हणाल तर कॅप्सेसिन हे चव नाहीच, ते दुखणं आहे. जिभेवरच्या नसांमध्ये टीआरपीव्ही-१ नावाचा एक सेन्सर असतो, तो खरं तर भाजण्याची सूचना द्यायला, साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की वाजतो. कॅप्सेसिन तोच वाजवतं. हा सेन्सर डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने १९९७ मध्ये शोधला आणि त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पुढची गंमत अशी की अल्कोहोल या सेन्सरचा उंबरठा खाली आणतं, ४२ अंशांवरून ३४ च्या आसपास, असं २००२ मध्ये दिसून आलं. आपलं अंग ३७ अंशांचं! म्हणजे स्वतःच्या अंगाची ऊबच भाजल्यासारखी वाटायला लागते. म्हणून व्हिस्कीचा घोट जळतो, आणि म्हणूनच साडेचौदा टक्के अल्कोहोलवाली जाडजूड शिराझ, म्हणजे एक रेड वाईन, घेऊन तिखल्यासमोर, म्हणजे तिरफळं घातलेल्या झणझणीत कालवणासमोर, बसणं म्हणजे पैसे देऊन त्रास विकत घेणं. तिथे कमी अल्कोहोल, जरा गोडसर आणि थंडगार असं काहीतरी पाहिजे. नाशिककडे शेनिन ब्लां ही व्हाईट वाईनची द्राक्षं लावतात, त्यातली किंचित गोड असलेली बाटली मला तिखल्याबरोबर सगळ्यात कमी भांडकुदळ वाटते. स्पार्कलिंगचा मोह होतो पण बुडबुड्यांतला कार्बन डायऑक्साइड तोंडात कार्बोनिक आम्ल होऊन स्वतःच नसांना टोचतो, तिखटावर तो टोचणं वाढवतो, ती तळलेल्यासाठी ठेवा.

तिरफळाबद्दल वाईनवाले कुणी बोलत नाहीत कारण त्यांना ते माहीतच नाही. तिरफळ हे चीनच्या सिचुआन मिरीचं भावंडं, दोघं झँथोक्सायलम या एकाच कुळातले. आपण बी टाकून देतो आणि साल वापरतो, आणि तेही ठेचून, वाटून नव्हे. सिचुआन मिरीत सॅनशूल नावाचा पदार्थ असतो, त्याने ओठ थरथरल्यासारखे वाटतात, आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ही थरथर मोजली सुद्धा, लोकांच्या ओठाला मिरी लावली, बोटाला कंप देणारं यंत्र लावलं आणि दोन्ही सारखं कधी वाटतं ते विचारलं, तर आकडा आला सेकंदाला साधारण ५० कंप. आपल्या घरातल्या विजेची फ्रिक्वेन्सी पण ५० च, त्यामुळे तिखल्याने करंट लागला असं कुणी म्हणालं तर अगदीच काही चुकलं नाही. अशा थरथरत्या जिभेवर महागड्या वाईनचे नाजूक वास शोधणं व्यर्थ आहे, साधी बाटली उघडा.

मग खोबऱ्याचं सार. इथे चित्र बदलतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, फॅटमध्ये विरघळतं, म्हणून नारळाच्या रसातलं तिखट सौम्य लागतं आणि तिखल्यातलं, जिथे खोबरं नसतंच किंवा नावाला असतं, ते थेट लागतं. पण साराला आमसुलाचा आंबटपणा असतो, आणि आंबट जेवणासोबत कमी आंबट वाईन प्यायली की ती एकदम फिकी, पाणचट लागते, जीभ आधीच आंबटाला सरावलेली असते म्हणून. वाईन ताटातल्या आंबटापेक्षा कमी आंबट नको, एवढा एकच नियम मी पाळतो. इथे सोव्हिन्यों ब्लां ही आंबटसर व्हाईट वाईन चालते.

सोलकढीला मात्र वाईनची गरज नाही, खरं सांगायचं तर जेवणात वाईनने जे करायचं असतं ते सगळं ती आधीच करते. आंबट आहे, थंड आहे, फॅट आहे, आणि तिचा गुलाबी रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा, रेड वाईनचा रंगही त्याच घराण्यातला. ही रंगद्रव्यं आंबटात लाल दिसतात, आंबटपणा कमी झाला की जांभळट होतात, म्हणून आगळ कमी पडलं की सोलकढी मळकट जांभळी दिसते. आणि ती ठेवून ठेवून फाटते का, तर नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे थेंब, त्यांना नारळाचीच प्रोटीनं एकमेकांपासून लांब ठेवतात, आम्लात ती प्रोटीनं गुठळ्या करतात आणि थेंब वर येतात. फ्रीजमध्ये ठेवली तर खोबरेल २४ अंशांखाली गोठतं, मग वर पांढरा थर. म्हणून आगळ जेवायला बसायच्या आधी घालायचं, सकाळी नाही.

तळणीत वाईनला सगळ्यात सोपं काम. मीठ कडवटपणा दाबतं, तेल टॅनिनला गुंतवतं आणि तिखटही कमी असतं. बोंबील तळायला मात्र कौशल्य लागतं कारण त्यात जवळजवळ ८५ ते ९० टक्के पाणीच. पाणी असेपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही, आणि ज्या रासायनिक क्रियेने तळलेल्याला तो तपकिरी रंग आणि वास येतो, जी फ्रान्सच्या मायार यांनी १९१२ मध्ये सांगितली, तिला साधारण १४० अंशांच्या वर मजा येते. म्हणून बोंबील चिरून, पाट्याखाली दाबून पाणी काढतात, मग रवा किंवा तांदळाचं पीठ. न दाबता तळलात तर बोंबील तेलात उकडतो. याच्यासोबत स्पार्कलिंग झकास जाते.

राहिली मोरी. गरम मसाला, भाजलेलं खोबरं, मांस घट्ट आणि तेल कमी, हे ताट माशाचं नाहीच, मटणाचं आहे, म्हणून इथे रेड चालते, फक्त हलकी, कमी टॅनिनची. आणि रेड रूम टेंपरेचरला प्यावी हे युरोपातल्या १६-१८ अंशांच्या खोल्यांसाठी होतं, मे महिन्यात रत्नागिरीतली खोली ३२ अंशांना असते, त्या तापमानाला वाईनमधून फक्त अल्कोहोलचा भपका येतो. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, बिनधास्त. उरली तर बूच लावून पुन्हा फ्रीजमध्येच, कपाटात नाही, आणि तीन-चार दिवसांत संपवा, नाहीतर हवेतला ऑक्सिजन आणि बॅक्टेरिया मिळून तिचं व्हिनेगर करायला घेतात, मग ती गोव्याच्या पद्धतीने माशात घालायचाच पर्याय उरतो.