सुंता : वैद्यकीय संशोधन, फायदे आणि धोके

शिश्नाच्या टोकावरची सैल कातडी (अग्रत्वचा) कापून काढण्याची शस्त्रक्रिया म्हणजे सुंता किंवा खतना. यहुदी आणि मुस्लिम समाजांत तिला धार्मिक स्थान आहे. या नोंदीत फक्त वैद्यकाने काय तपासले ते दिले आहे. फायदा होतो का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. वय कोणते आणि आजूबाजूला रोग किती पसरलेला आहे, यावर ते ठरते.

सर्वांत भक्कम पुरावा एचआयव्हीबाबतचा आहे. त्यात पुण्याचाही वाटा आहे. पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत १९९३ ते २००० या काळात आलेल्या, एचआयव्ही नसलेल्या २,२९८ पुरुषांचा पाठपुरावा झाला. निष्कर्ष २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सुंता झालेल्यांत एचआयव्हीची लागण फारच कमी आढळली, पण जननेंद्रियावरील नागीण, गरमी आणि परमा यांत फरक नव्हता. हा तपशील मोलाचा आहे. ही माणसे केवळ वागण्यात सावध असती, तर बाकीचे रोगही कमी दिसले असते. म्हणजे कारण कातडीतच शोधायला हवे होते. अग्रत्वचेचे आतले अस्तर मऊ असते, त्यावर केराटिनचा (त्वचेला टणकपणा देणाऱ्या प्रथिनाचा) थर पातळ असतो आणि विषाणू ज्यांना चिकटतो त्या पेशी पृष्ठभागाजवळच असतात.

तरीही निरीक्षणावरून कार्यकारण पक्के होत नाही. त्यासाठी आफ्रिकेत तीन चाचण्या झाल्या. त्यांत कोणाची सुंता आधी आणि कोणाची नंतर, हे नशिबावर सोडले होते. दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज फार्म येथे ३,२७४ तरुणांपैकी सुंता झालेल्या गटात २० आणि दुसऱ्या गटात ४९ जणांना लागण झाली. केनियातील किसुमूत हे आकडे २२ आणि ४७, तर युगांडातील राकाईत २२ आणि ४५ होते. फरक इतका स्पष्ट होता की तिन्ही चाचण्या मुदतीआधी थांबवून दुसऱ्या गटालाही शस्त्रक्रिया देऊ करण्यात आली. मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जास्त लागण असलेल्या प्रदेशांसाठी तिची शिफारस केली.

‘लागण ५० ते ६० टक्क्यांनी घटते’ हे वाक्य मात्र जपून वाचावे. किसुमूत दोन वर्षांत शंभरातल्या ४.२ जणांऐवजी २.१ जणांना लागण झाली. म्हणजे शंभर शस्त्रक्रियांमागे दोन माणसे वाचली. तिथे दोन हा मोठा आकडा आहे. भारतात प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे तेच ‘५० टक्के’ इथे फार थोड्यांच्या उपयोगी पडतील. शिवाय हे संरक्षण स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या लागणीपुरते आहे. एचआयव्हीबाधित पुरुषांची सुंता केल्याने त्यांच्या बायकांची लागण कमी झाली नाही, हे राकाईतच २००९ साली दिसले. निरोधची गरज कायमच राहते.

तान्ह्या मुलांत मूत्रमार्गाचा संसर्ग सुंतेने बराच कमी होतो. पण निरोगी मुलात तो मुळात शंभरात एखाद्यालाच होतो, त्यामुळे एक संसर्ग टाळायला सुमारे १११ शस्त्रक्रिया कराव्या लागतात. मूत्रपिंडाकडे लघवी उलट जाण्याचा दोष असलेल्या मुलात हिशेब पार बदलतो. शिश्नाचा कर्करोगही लहानपणी सुंता झालेल्यांत कमी आढळतो.

आईबापांना सर्वांत जास्त घाबरवते ती ‘कातडी मागे जात नाही’ ही तक्रार. जन्मतः ती मागे जात नाहीच. आतून चिकटलेली असते आणि वर्षानुवर्षे हळूहळू सुटते. डेन्मार्कमधील शाळकरी मुलांच्या १९६८ सालच्या पाहणीत सहा-सात वर्षांच्या वयात सुमारे ८ टक्के मुलांची कातडी घट्ट होती, सोळा-सतराव्या वर्षी १ टक्का. बाळाला न्हाऊ घालताना ती जोराने मागे ओढणे वाईटच. बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण राहतो आणि जिथे आजार नव्हता तिथे खरा फायमोसिस (व्रणामुळे कातडी घट्ट होऊन मागे न जाणे) तयार होतो. खऱ्या फायमोसिसमध्येही आधी काही आठवडे स्टेरॉइडचे मलम लावून पाहतात. बऱ्याच मुलांना तेवढेच पुरते.

धोक्यांत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जास्त कातडी कापली जाणे आणि पुढे मूत्रछिद्र अरुंद होणे हे मुख्य. नवजातांत गुंतागुंत साधारण १.५ टक्के, मोठ्या मुलांत ६ टक्क्यांच्या घरात दिसते. गंभीर प्रकार क्वचितच. अप्रशिक्षित हातांत मात्र मृत्यूही होतात. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात झोसा जमातीच्या तरुणांच्या दीक्षाविधीत ते वारंवार घडले आहेत. मूत्रछिद्र जन्मतः खालच्या बाजूला असेल तर सुंता करू नये, कारण दुरुस्तीसाठी हीच कातडी लागते. घराण्यात रक्त न गोठण्याचा आजार आहे का, हेही आधी विचारावे लागते. यहुद्यांच्या तालमुद या धर्मग्रंथात, या आजाराला हिमोफिलिया हे नाव मिळण्याच्या कितीतरी शतके आधी, दोन भाऊ सुंतेनंतर दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये, असा नियम नोंदलेला आहे.