सॉकेटची वंशावळ: प्रोसेसर निवडताना आधी बोर्ड का पाहायचा

सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा. सॉकेट ७ म्हणजे ३२१ छिद्रांची पांढरी चौकट. बाजूचा खटका उभा करायचा, प्रोसेसर अलगद ठेवायचा, खटका खाली दाबायचा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात याच चौकटीत इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के६ बसे आणि सायरिक्सचा ६एक्स८६ही बसे. बोर्ड तोच ठेवून कंपनी बदलता येई. आज ‘इंटेल की एएमडी’ ठरले की बोर्ड, रॅमचा प्रकार आणि पुढच्या अपग्रेडची वाट हे सगळे त्याच क्षणी ठरून जाते. हे असे का झाले, ते सॉकेटच्या इतिहासातूनच कळते.

मुळात एकाच चौकटीत दोन कंपन्या आल्या त्या आयबीएममुळे. १९८१च्या आयबीएम पीसीत इंटेलचा ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ होता. सुट्या भागांसाठी एकाच पुरवठादारावर विसंबायला आयबीएम तयार नव्हती, म्हणून १९८२मध्ये इंटेलने एएमडीला आपले प्रोसेसर बनवण्याचा परवाना दिला. पुढे दोघांत कोर्टकचेऱ्या झाल्या, पण एएमडी मैदानातून हटली नाही.

सॉकेट ७ सोयीचे होते, सोपे मात्र नव्हते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळवणाऱ्याला जम्पर (बोर्डावरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) लावता येणे भागच होते: एक बसच्या (बोर्डावरच्या जोडमार्गाच्या) वेगाचा, एक गुणकाचा (त्या वेगाच्या किती पट प्रोसेसर धावेल त्याचा), एक व्होल्टेजचा. ६६.६ मेगाहर्ट्झ गुणिले ३.५ म्हणजे २३३. व्होल्टेजची चूक महागात पडे. पेंटियम एमएमएक्सच्या गाभ्याला २.८ व्होल्ट लागत, बहुतेक के६-२ना २.२. जुन्या प्रोसेसरचा जम्पर तसाच राहिला तर नवी चिप जळण्याचा धोका असे.

मे १९९७मध्ये पेंटियम टू आला आणि चौकट गेली. त्या जागी आला स्लॉट १. प्रोसेसर काडतुसासारखा उभा खोचायचा. त्याला तांत्रिक कारण होते: दुसऱ्या पातळीची कॅश (प्रोसेसरची हाताशी असलेली जलद मेमरी) वेगळ्या चिपांवर होती आणि त्या चिपा प्रोसेसरशेजारी एका पट्टीवर बसवल्या होत्या. पण स्लॉट १ इंटेलच्या हक्काचा असल्याने इतरांना तो वापरता येईना, आणि वाटा इथेच फुटल्या. १९९८च्या सेलेरॉन ३००एमध्ये १२८ केबी कॅश थेट चिपेवर आली, स्लॉटची गरज संपली आणि १९९९मध्ये इंटेल सॉकेट ३७०कडे वळली. एएमडीने अ‍ॅथलॉनसाठी आधी स्लॉट ए काढला, मग २०००मध्ये ४६२ पिनांचे सॉकेट ए. एक चौकट मात्र पुन्हा कधी झाली नाही.

त्यानंतरचा धडा जास्त उपयोगाचा आहे: पिना जुळल्या म्हणजे प्रोसेसर चालेलच असे नाही. २००४मध्ये इंटेलने एलजीए ७७५ आणून पिना प्रोसेसरवरून उचलून बोर्डावर ठेवल्या. जुलै २००६मध्ये याच सॉकेटसाठी कोअर २ ड्युओ आला. तो जुन्या बोर्डांत बसे, पण बऱ्याच ठिकाणी सुरूच होत नसे, कारण त्याला हवे तसे व्होल्टेज पुरवणारी सर्किट त्या बोर्डांवर नव्हती. २०१७मध्ये एलजीए ११५१ची तीच गत झाली. आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात जसाच्या तसा बसे, पण अधिकृतपणे त्याला ३०० मालिकेचाच बोर्ड लागे. सहा कोअरना वीज जास्त लागते हे इंटेलचे स्पष्टीकरण. तरी हौशी लोकांनी बायॉसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये) फेरफार करून काही जुन्या बोर्डांवर ते चालवून दाखवले. ग्राहकाच्या बाजूने पाहता ही अडवणूकच होती.

म्हणूनच एएमडीच्या एएम४चे महत्त्व वाटते. २०१७च्या पहिल्या रायझन प्रोसेसरपासून २०२२च्या ५८००एक्स३डीपर्यंत १३३१ पिनांचे हे एकच सॉकेट टिकले. याचीही किंमत होती. अनेक बोर्डांवर बायॉसची चिप १६ एमबीची. इतक्या पिढ्यांचा कोड तिच्यात मावेना. मे २०२०मध्ये एएमडीने ४०० मालिकेच्या बोर्डांना पुढच्या रायझनसाठी नकार दिला आणि ओरड झाल्यावर निर्णय फिरवला.

याचा परिणाम आजही दिसतो. ४०० मालिकेतला बी४५० बोर्ड, रायझन ५ ५६०० प्रोसेसर, सगळे नीट जोडलेले. पंखे फिरतात, पडदा काळा. बिघाड नसतो, बायॉस जुने असते. बोर्डावर फ्लॅशबॅकचे (बायॉस बदलण्याचे) बटण असेल तर प्रोसेसर चालू न होताही काम होते. पेन ड्राइव्ह फॅट३२ या स्वरूपात फॉरमॅट करा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने नव्या बायॉसची फाइल ठेवा, खूण केलेल्या यूएसबी पोर्टात लावा, बटण दाबून धरा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज बंद करायची नाही. मात्र बायॉस अद्ययावत असूनही पडदा काळाच राहिला तर आधी केबल कुठे लावली आहे ते पाहा: ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, म्हणून केबल ग्राफिक्स कार्डालाच लावावी लागते; ५६००जीमध्ये आहे. इंटेलमध्ये नावाच्या शेवटचा ‘एफ’ ग्राफिक्स नसल्याचे सांगतो.

एएम४चा कूलर काढतानाही जपावे लागते. प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली असली आणि कूलर सरळ वर ओढला, तर खटका बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट गरम करायची, बंद करून वीज काढायची, कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवायचा, मगच उचलायचा.

२०२२च्या एएम५मध्ये एएमडीनेही पिना बोर्डावर नेल्या, १७१८ संपर्कबिंदू. रॅम फक्त डीडीआर५. पहिल्यांदा चालू करताना रॅमची जुळवणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळा राहतो. घाबरून बटण दाबू नये. या सॉकेटला २०२७पर्यंत आणि पुढेही साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलचा एलजीए १७०० बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चालला. त्याचे डीडीआर४ आणि डीडीआर५चे बोर्ड वेगळे, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. ऑक्टोबर २०२४पासून एलजीए १८५१ आला.

जुना एलजीए १७०० संच घेत असाल तर आणखी एक गोष्ट. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या जास्त वीज घेणाऱ्या प्रोसेसरना वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे कमकुवत होत होते. ऑगस्ट २०२४मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड (बायॉसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या दुरुस्त सूचना) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवे बायॉस पुढची हानी रोखते, झालेली भरून काढत नाही. म्हणून विकणाऱ्याकडून बायॉसची आवृत्ती विचारा, प्रोसेसर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहा आणि सॉकेटच्या पिनांचा जवळून काढलेला फोटो मागा. तिरप्या उजेडात पिनांच्या रांगा सारख्या चमकल्या पाहिजेत. मधेच एखादा ठिपका वेगळा दिसला तर ती पिन वाकलेली असते.