हौशी एमएमएची पहिली फाइट: अर्ज कधी भरायचा आणि काय काय लागतं

चैत्रातल्या जत्रांचे फड उरकले की तालमीतली दोन-चार पोरं मोबाइलवरचं पोस्टर दाखवत माझ्याकडे येतात. "सर, पुण्यात एमएमएची स्पर्धा हाय. फॉर्म भरू का?" एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. उभ्याने ठोसे आणि लाथा, मग कुस्तीसारखी धरपकड, आणि खाली गेल्यावरही ठोसे, चोक म्हणजे गळा आवळणं, आणि लॉक म्हणजे हातापायाचे सांधे पिळणं. मी त्यांना कागदांची यादी देतो, पण आधी मॅटवर घेतो. इथेही दोन्ही गोष्टी सांगतो. सोलापुरात बसून फॉर्म भरणाऱ्याला दोन्हींची गरज असते.

कोण अर्ज करू शकतं

सीनियर गटासाठी वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. त्याखालच्या मुलांचे गट आणि नियम वेगळे असतात. तिथे आईवडिलांची लेखी संमती लागतेच. वय वाढवून मुलाला सीनियरमध्ये घालणाऱ्या पालकांना मी दारातूनच परत पाठवतो.

पैसे घेऊन व्यावसायिक एमएमए फाइट केली असेल तर हौशी गटात उतरता येत नाही. जत्रेतल्या इनामी कुस्तीचं काय, असं आपल्याकडची पोरं हमखास विचारतात. ती एमएमए फाइट नव्हे, पण फॉर्मवर आधीच्या खेळाचा रकाना असतो, तिथे ती लिहा. बॉक्सिंग, कराटे, तायक्वांदो, ज्युदो, सगळं लिहा. जोडी लावणारा माणूस तेच वाचून ठरवतो. दहा वर्षं कुस्ती केलेल्याने "नवशिका" लिहिलं, तर समोर खरोखरचं नवखं पोर येतं.

तयारी झाली हे कसं ओळखायचं

एमएमएच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांप्रमाणे हौशी फाइट तीन-तीन मिनिटांच्या तीन राउंडची असते आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. कोपर मारता येत नाही, डोक्यावर गुडघा मारता येत नाही, टाच पिळून गुडघा तोडणारे लॉक बंद असतात. ऐकायला सोपं वाटतं. पण नऊ मिनिटं म्हणजे किती, हे तिसऱ्या राउंडला कळतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या पोरांचा पाया कुस्तीचा, आणि तो भक्कम आहे. पट काढणं म्हणजे पाय धरून पाडणं, कब्जा घेणं, समोरच्याचं वजन अंगावर पेलणं हे शहरातल्या जिममधल्या पोराला दोन वर्षांत येत नाही, ते यांना मिसरूड फुटायच्या आधी येतं. अडचण तिथूनच सुरू होते. कुस्तीत पाठ लागली की खेळ संपला, म्हणून पैलवान पडता पडता पालथा होतो. ती त्याच्या हाडात मुरलेली गोष्ट आहे. एमएमएत पालथं होणं म्हणजे पाठ आणि गळा दोन्ही समोरच्याच्या हवाली करणं.

मोहोळ भागातला एक पैलवान आला होता, ७७ किलोचा, मान बैलासारखी. मी त्याच्यासमोर ६१ किलोचं पोर उभं केलं. पैलवानाने एकेरी पट इतका सुंदर काढला की बाकीचे सराव थांबवून बघत राहिले. खाली गेल्यावर त्या बारक्या पोराने कंबर सरकवून त्याला कलवलं, आणि पैलवान सवयीने पोटावर गेला. पोर पाठीवर चढलं, दोन्ही पायांचा अडसर घातला, हात गळ्याखाली सरकवला. पैलवान टॅप करीना, म्हणजे हार मानल्याची थाप मारीना. तालमीत "सोड" म्हणायची रीतच नाही. चेहरा जांभळा झाला, घशातून घरघर आली, मी धावत जाऊन हात सोडवला. बेशुद्ध झाला नाही, पण दोन मिनिटं बसून होता. मग म्हणाला, "सर, मला वाटलं सुटंल." त्याच्या फॉर्मवर मी सव्वा वर्षाने सही केली. तोवर रोज सरावाआधी दहा मिनिटं त्याला एकच काम दिलं होतं: पाठीवर पडून राहायचं, वरच्याला अंगावर घ्यायचं, पालथं न होता उठायचं.

पटातली दुसरी चूक मानेची. डोकं खाली घालून आत शिरलं की मान समोरच्याच्या काखेत जाते आणि गिलोटिन चोक बसतो. यूएफसी या अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक एमएमए कंपनीशी करार झालेला पहिला भारतीय भरत खंडारे कुस्तीतून आलेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला पहिल्याच राउंडमध्ये तो याच चोकने हरला. इतक्या वर पोहोचलेल्या माणसाचं हे होतं, तर वर्षभराच्या सरावावर उतरणाऱ्याने मान कुठे ठेवायची ते हजारदा घोटलंच पाहिजे.

सही करण्याआधी मी चार गोष्टी बघतो. वर्षभर आठवड्यातून चार दिवस सराव, त्यात निदान सहा महिने नियमित स्पॅरिंग म्हणजे सरावाची लढत, तेही वेगवेगळ्या उंचीच्या आणि वेगवेगळ्या खेळांतल्या जोडीदारांशी. मग तीन राउंड, प्रत्येक राउंडला ताजा जोडीदार. तिसऱ्यात हात हनुवटीपाशी आहेत का, की कमरेला लोंबतायत? ठोसा येताना डोळे उघडे राहतात का? पाठ फिरवणाऱ्याला अजून वेळ द्यायचा, त्यात लाज काही नाही, डोळे सरावाने उघडे राहायला लागतात. आणि शेवटची गोष्ट, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी: वेळेवर टॅप करतो का. नाक फुटल्यावर जो चिडून अंगावर धावतो तो तयार नसतो. जो रक्त पुसून पुन्हा हातांचा गार्ड वर घेतो आणि बेल वाजल्यावर जोडीदाराला मिठी मारतो, त्याचा फॉर्म मी स्वतः भरून देतो.

सरावात डोक्याला लागून भोवळ आली, उलटी झाली, काही क्षण आठवेना झालं, तर मी निदान एक महिना स्पॅरिंग बंद करतो आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय परत घेत नाही. ही गोष्ट फॉर्मवरच्या वैद्यकीय माहितीत लपवू नका. जिवाशी गाठ आहे.

कागदपत्रं

आधार कार्ड, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो, प्रशिक्षकाचं पत्र. नाव सगळ्या कागदांवर एकसारखं हवं. दाखल्यावर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं असेल तर ते आधी दुरुस्त करा, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो.

वैद्यकीय दाखला नोंदणीकृत डॉक्टरचा, नोंदणी क्रमांकासह. ओळखीच्या दवाखान्यात नाडी न बघता मिळालेला दाखला घेऊ नका. रक्तदाब, छाती, डोळे, जुनी फ्रॅक्चर, फिट येण्याचा इतिहास, सगळं तपासून घ्या. चष्म्याचा नंबर मोठा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडून पडदा तपासून घ्या.

रक्ताच्या तीन तपासण्या लागतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. अहवाल सहसा सहा महिन्यांच्या आतले चालतात, पण फॉर्मवर लिहिलेली मुदत खरी. एचआयव्हीची तपासणी सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, एकात्मिक समुपदेशन केंद्रात मोफत होते आणि गुप्त राहते. तिथे आधी समुपदेशक दोन शब्द बोलतो, घाबरायचं कारण नाही. पोरं या तपासणीला लाजतात आणि शेवटच्या दिवसावर ढकलतात. अहवाल तुमच्याइतकाच समोरच्या खेळाडूसाठीही असतो. दोघांचं रक्त एकाच मॅटवर सांडतं. मुलींची गर्भचाचणी केली जाते, ती बहुधा स्पर्धेच्या जागीच.

हमीपत्र मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका. इंग्रजी असलं तर कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि घरच्यांना वाचून दाखवा. घरी न सांगता गेलेलं पोर दवाखान्यात पोहोचलं तर तिथे सही करायला कोण येणार?

स्पर्धा कुणाची आहे

आपल्याकडे एमएमएला परवाना देणारा सरकारी आयोग नाही. स्पर्धा घेणाऱ्या संघटनेच्या नियमांवर सगळं चालतं, आणि संघटना एकापेक्षा जास्त आहेत. म्हणून फी भरण्याआधी फोन करून विचारा: नियम कुठले, केजजवळ (जाळीच्या पिंजऱ्याजवळ, जिथे फाइट होते) डॉक्टर कोण, रुग्णवाहिका दारात असते का, विमा आहे का, जोडी अनुभव बघून लावता का. एकदा आमच्या पोराला स्पर्धेच्या जागी गेल्यावर कळलं की डॉक्टर "वाटेत" आहेत. मी त्याला उतरू दिलं नाही. फी गेली. पोर गाडीत आठवडाभराचं तोंड घेऊन बसलं होतं, पण तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन.

नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाला प्रमाणपत्र चालेल असं कुणी सांगितलं, तर आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात शासनाची खेळांची यादी बघा.

वजन आणि प्रवास

पुरुषांचे आपल्याकडे जास्त भरणारे गट ५६.७, ६१.२, ६५.८, ७०.३ आणि ७७.१ किलोचे. पहिल्या फाइटला रोजच्या वजनाच्या जवळचाच गट घ्या, एखादा किलो इकडेतिकडे. पाणी तोडून चार-पाच किलो उतरवणं तर करूच नका. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. अशा उन्हात प्लॅस्टिकचा सूट घालून पळणारं पोर केजपर्यंत पोहोचेल याची खात्री नाही. बऱ्याच हौशी स्पर्धांत वजन फाइटच्याच दिवशी सकाळी होतं, मग पाणी भरून काढायला वेळही मिळत नाही.

प्रोटीनचा डबा किंवा सांधेदुखीची गोळी सुरू असेल तर ती उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे का ते आधी तपासा. गावातल्या दुकानदाराचा शब्द पुरत नाही.

पुण्याला जायचं तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने नेण्याऐवजी मी पोरांना आदल्या दिवशीच नेतो, म्हणजे झोप पूर्ण होते. पिशवीत मूळ कागदं आणि दोन झेरॉक्स संच, दातांचा गार्ड (गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवलेला), गुप्तांगाचा गार्ड, शिन गार्ड (नडगीसाठी), रॅश गार्ड (अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट). ग्लोव्हज बहुतेक ठिकाणी आयोजक देतात, तरी विचारून घ्या. वजन झाल्यावर खायला केळी, गूळ, घरची भाकरी. शेंगाचटणीची पुडी मात्र मी काढून घेतो आणि फाइट झाल्यावर परत देतो.