ग्रामीण विदर्भातील शालेय गणवेश

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांत मुलामुलींनी आणि त्यांच्या शिक्षकांनी काय घालावे याविषयीचे लेखी व अलिखित नियम आणि त्यांत पिढ्यांगणिक झालेले बदल. या विषयावर सहसा रंगांची जंत्री दिली जाते : आधी पांढरा-खाकी, मग पांढरा-निळा, अलीकडे चौकटीचा. जंत्री खोटी नाही. पण कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या या मुलखात गणवेशाचा रंग कोणता, यापेक्षा त्याचे पैसे कोण आणि कोणत्या महिन्यात देणार, हा प्रश्न नेहमीच मोठा राहिला आहे.

इंग्रजी राजवटीत, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळात, खेड्यातल्या प्राथमिक शाळेला सक्तीचा गणवेश असा नव्हता. मुले सदरा आणि धोतर किंवा आखूड चड्डी घालून येत, मुली परकर-पोलक्यात. बोडक्या डोक्याने वर्गात बसणे मात्र वाईट दिसे. टोपी हाच बहुतेक ठिकाणी नियम होता. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षणाची, कल्पना पुढे आली आणि त्या पद्धतीच्या बुनियादी शाळांमधून मुलांच्या हाती टकळी आली. कापूस पिकवणाऱ्याच्या मुलाने स्वतः सूत काढायचे आणि अंगावर खादी घालायची, असा तो विचार होता. सेवाग्रामच्या परिसरात तो रुजला. बाकी विदर्भात टकळी काही वर्षे तासापुरती फिरली आणि मागे उरली ती गांधी टोपी. पुढे तीही गेली.

ठरावीक पोशाखाची सवय खेड्यांना लावली ती मुख्यतः हायस्कुलांनी. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी 1932 मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी वऱ्हाडात तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावी हायस्कुले काढली. तिथे आजूबाजूच्या खेड्यांतून मुले पायी येत. पाटलाचा आणि सालदाराचा (वर्षाच्या कराराने राबणाऱ्या गड्याचा) मुलगा एका बाकावर बसणार असेल तर दोघांचे कपडे सारखे हवेत, हा युक्तिवाद तेव्हा खरोखर मनापासून केला जाई. तो अर्धाच खरा ठरला. कपड्याचा रंग सारखा झाला, पण पोत, इस्त्री आणि किती जोड्या आहेत यावरून घर ओळखू येतच राहिले.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मुलांना पांढरा शर्ट व खाकी हाफपँट, मुलींना पांढरे ब्लाऊज व निळा स्कर्ट हा पोशाख पुढच्या काळात जवळजवळ सगळीकडे दिसू लागला. सुरुवातीचा कपडा मांजरपाटाचा किंवा जाड्या सुती कापडाचा. पांढऱ्याला नीळ द्यायची आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवायची, तीही 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या प्रभातफेरीपुरती. एरवी तो धुऊन वाळला म्हणजे पुरे. पुढे टेरिकॉट आले. ते लवकर वाळे, चुरगळत नसे, फाटत तर नसेच. धाकट्या भावापर्यंत सहज पोचे. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 पासून चालू होती. हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर, अकोला ही सारी गिरण्यांची गावे. त्याच भागातल्या शाळांनी सुती कपडा सोडला, आणि तोही मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडणाऱ्या प्रदेशात. यात आईबापांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. ज्यांना कपडा तीन वर्षे पुरवायचा होता त्यांनी घामाचा हिशेब मागे ठेवला.

गावचा शिंपी शाळेचा कपडा मापाला शिवत नसे. बाह्या आणि हाफपँटची उंची दोन-चार बोटे जास्त धरायची, खालची दुमड आत जाड ठेवायची, म्हणजे पोरगा वाढला की उसवून सोडता येते. पहिल्या वर्षी ढगळ, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी तोकडा, हा गणवेशाचा सर्वसाधारण जीवनक्रम. दुमड सोडलेल्या जागी जुन्या रंगाची गडद पट्टी राही. वर्गात तिच्यावरून कोणी हसत नसे, कारण ती बहुतेकांच्या कपड्यांना असे. हाच पोशाख लग्नाला, जत्रेला आणि मामाच्या गावालाही चाले. शाळेचा ड्रेस हा अनेक घरांत पोराचा सर्वांत चांगला कपडा होता.

अडचण महिन्याची होती. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. नेमके तेव्हाच मृग-आर्द्राची पेरणी चालू असते. बियाणे, खत, डवरणीची मजुरी यांत हाती असलेला पैसा संपलेला असतो. कापसाचा पैसा येतो तो दसरा-दिवाळीनंतर, सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन वेचणी सुरू झाली की. 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी (कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा) सुरू झाली तेव्हा तर चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हप्त्यांनी मिळत, आणि पुढचा हप्ता केव्हा येईल याची खात्री नसे. त्यामुळे गणवेश एकतर कापड दुकानातून उधारीवर येई, नाहीतर दिवाळीची वाट पाही. जुलै-ऑगस्टमध्ये वर्गात निम्मी मुले रंगीत कपड्यांत बसलेली असणे ही बेशिस्त नव्हती; तो शेतीचा हंगाम होता. शहाणे गुरुजी हे ओळखून असत आणि दिवाळीपर्यंत ड्रेसची विचारणा करीत नसत. सगळे गुरुजी शहाणे नसत. ‘ड्रेस घालून आल्याशिवाय वर्गात बसू नको’ असे ऐकून घरी परतलेली आणि पुन्हा न आलेली मुले प्रत्येक गावात सापडतील.

मुलींच्या पोशाखातला बदल मात्र शाळेने घडवलेला नाही. चौथी किंवा सातवीनंतर पुढच्या वर्गासाठी दुसऱ्या गावी जावे लागे, आणि वाढत्या वयाच्या मुलीला गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टमध्ये रस्त्याने पाठवायला घरचे तयार नसत. शाळा सुटण्याचे ते एक कारण होते, एकमेव नव्हे. 1990 च्या सुमारास आणि त्यानंतर हायस्कुलांनी वरच्या वर्गांसाठी सलवार-कुर्ता स्वीकारला आणि या हरकतीतले बळ गेले. सायकल चालवायलाही तो सोयीचा. राज्यातल्या 125 मागास तालुक्यांसाठी राबवलेल्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली आणि एसटीच्या निळ्या बस मिळाल्या. त्यांत विदर्भातले तालुके पुष्कळ आहेत. सकाळी फाट्यावर एकाच रंगाच्या कुर्त्यांत बसची वाट पाहणारा मुलींचा घोळका हे दृश्य त्यानंतरचे. ओढणी मात्र नियमातच राहिली : दोन्ही खांद्यांवर पिन लावलेली, चाकात अडकण्याचा धोका असलेली. काही शाळांनी तिच्याऐवजी कोटी (बिनबाह्यांचे जाकीट) चालवून घेतली. अनेक शाळांनी अजून नाही. दोन वेण्या आणि रंगीत रिबिनी यांचा आग्रह पोशाखापेक्षाही चिवट निघाला.

सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शासनाने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी पैसे देणे सुरू केले : दोन जोड्यांना 400 रुपये, समग्र शिक्षा आल्यावर 600. ते शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील घरांतले मुलगे यांच्यापुरते होते. दोन-तीन एकरवाल्या कुणबी, माळी, तेली शेतकऱ्याचे नाव त्या यादीत नसेल तर त्याच्या मुलाला काही मिळत नसे, त्या मुलाच्या बहिणीला मिळे. काही जिल्हा परिषदांनी सेस फंडातून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, ही उणीव भरली. राज्याने ती 2023 मध्ये दूर केली आणि सोबत बूट व पायमोज्यांसाठी मुलामागे 170 रुपये दिले. मधल्या काळात, 2017-18 मध्ये, रक्कम थेट बँक खात्यात टाकून पाहिली गेली. मूल आणि आई यांचे संयुक्त खाते, त्यासाठी तालुक्याच्या चकरा, तिथे पुन्हा किमान शिलकीचा प्रश्न : 400 रुपयांसाठी बुडालेली मजुरीच जास्त. तो प्रयोग गुंडाळून पैसा शाळा व्यवस्थापन समितीकडे परत आला. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तिच्या हाती निर्णय आल्यावर गावोगाव चौकटीचे शर्ट, वेगळे रंग, टाय, पट्टे दिसू लागले. शिलाई गावच्या टेलरला मिळाली.

2024-25 मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ आले : फिकट निळा शर्ट, गडद निळी पँट, जोडीला स्काऊट-गाईडचा पोशाख. कापड राज्यपातळीवर खरेदी करून शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांना दिली. बायांना काम मिळावे हा हेतू चांगला होता. पण कपडे उशिरा आले, मापे चुकली, आणि अनेक शाळांचे 15 ऑगस्टचे झेंडावंदन जुन्याच कपड्यांत झाले. पोराचे माप गावात घेतले जाते, मुंबईत नाही, एवढे कळायला एक सत्र गेले. डिसेंबर 2024 मध्ये निर्णय फिरवून तो पुन्हा समित्यांवर सोपवला गेला.

टाय-पट्ट्याचे मूळ कॉन्व्हेंटात आहे. विदर्भात कोणत्याही इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीला सरसकट कॉन्व्हेंट म्हणतात, तिचा मिशनऱ्यांशी काडीचा संबंध नसला तरी. गावात पिवळी व्हॅन शिरू लागली तशी जिल्हा परिषदेची पटसंख्या उतरली, आणि शिक्षकांनी लोकवर्गणी करून आपल्या मुलांनाही टाय बांधले. पट टिकवायला त्याचा किती उपयोग झाला हे वादाचे आहे. मार्चच्या उन्हात मुलाचा गळा आवळला जातो हे मात्र वादाचे नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि मेळघाटातील आश्रमशाळांची गोष्ट वेगळी. तिथे गोंड, माडिया, कोलाम, कोरकू मुले वर्षभर निवासी असतात, त्यामुळे गणवेशाबरोबर रात्रीचे कपडे, अंथरूण, साबणही आदिवासी विकास विभागाकडून येत. पुरवठ्याच्या तक्रारी वाढल्यावर 2016 च्या शेवटी वस्तूंऐवजी खात्यात रक्कम देण्याचे धोरण आले. दुर्गम भागात बँक तालुक्याच्या गावी, दुकानही तिथेच.

शिक्षकांचा पोशाख धोतर-कोट-टोपीपासून पँट-शर्टापर्यंत आणि बाईंचा नऊवारीपासून सहावारी व पंजाबी ड्रेसपर्यंत आपोआप बदलला. 15 मार्च 2024 रोजी त्यालाही लेखी नियम आला : जीन्स, टी-शर्ट, भडक नक्षी नको, पुरुषांनी शर्ट खोचलेला, स्त्रियांनी साडी किंवा सलवार-चुडीदार.

मोफत गणवेश आठवीला संपतो, आणि संस्थांच्या अनुदानित हायस्कुलांना तो पाचवीपासूनच लागू नाही. वऱ्हाडातली बरीच हायस्कुले पाचवीपासून सुरू होतात. जिल्हा परिषदेची चौथी करून अशा शाळेत नाव घातलेल्या मुलाच्या दोन जोड्यांचा खर्च आजही घरच्यांवर आहे, आणि तो आजही पेरणीच्या महिन्यातच येतो.